आकाश उघडं असताना

फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत चिकटपट्टी आणि प्लास्टिकच्या कागदावर लोकांची झुंबड उडाली होती. ७ तारखेला सरकारने दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याचा इशारा पिवळ्यावरून ऑरेंजवर नेला होता. (आपलं हवामान खातं पावसाळ्यात देतं तसेच हे रंग, फक्त पावसाऐवजी बॉम्बचे.) मग सल्ला आला की रासायनिक हल्ला झालाच तर दारं-खिडक्यांच्या फटी बुजवता येतील एवढं सामान घरात ठेवा. इराकवर हल्ला होणार हे तर सगळ्यांनाच दिसत होतं, तारीख तेवढी ठरायची होती.

नेमक्या याच दिवसांत लोक उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढतात. त्या वर्षी हात आखडत होते. कोणाही प्रवाशाचा प्रश्न एकच: आज रोमचं तिकीट काढलं आणि पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं, तर माझ्या पैशांचं काय?

नियमाचं उत्तर स्पष्ट होतं. कंपनीने विमान रद्द केलं तर पैसे परत. विमान वेळेवर उडालं आणि तुम्ही घाबरून घरी बसलात, तर तो तुमचा निर्णय आणि तुमचंच नुकसान.

सगळी गोम या दुसऱ्या वाक्यात आहे. आकाश बंद झालं तर काय करायचं हे कायद्याला बऱ्यापैकी माहीत आहे. आकाश उघडं असताना वाटणाऱ्या भीतीचं काय करायचं, याचं उत्तर आजही कायदा देत नाही. ते देते विमान कंपनी, आणि तेही तिला सोयीचं असेल तेव्हा.

हे कायम असंच नव्हतं. १९७८ पर्यंत अमेरिकेत विमानाचं भाडं सरकारी मंडळ ठरवायचं. तिकीट महाग असायचं, पण बहुतेक वेळा ते खिशातल्या नोटेसारखं वापरता यायचं. आज नाही गेलात तर उद्या जा, अजिबातच नाही गेलात तर पैसे परत घ्या. प्रवासी न सांगता गैरहजर राहायचे, म्हणून कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकायच्या. सगळा कारभार सैल होता आणि त्या सैलपणाची किंमत भाड्यातच धरलेली असायची.

१९७८ मध्ये भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि स्वस्त तिकिटांची लढाई पेटली. विमानातली जागा म्हणजे बाजारातली पालेभाजी. दार बंद झालं की तिची किंमत शून्य. भाजीवाली संध्याकाळी भाव पाडते. विमान कंपन्यांनी उलटं केलं: सकाळीच स्वस्तात विकायची, पण अट अशी की घेतलेली जुडी परत करायची नाही. १९८७ च्या सुरुवातीला कॉन्टिनेन्टल आणि ईस्टर्न या कंपन्यांनी 'मॅक्ससेव्हर' नावाची तिकिटं आणली, ती या अटीवरच. 'नॉन-रिफंडेबल' हा शब्द इथून सामान्य माणसाच्या खिशात आला.

हा सौदा फसवा आहे असं मी म्हणणार नाही. स्वस्त तिकिटामुळेच विमान मध्यमवर्गाला परवडू लागलं. पण त्यात काय विकलं गेलं ते बघा. सासरे आजारी पडले, परीक्षा पुढे गेली, बॉसने रजा नाकारली, हे सगळे धोके कंपनीने प्रवाशाकडे सरकवले आणि त्या बदल्यात भाडं कमी केलं. त्याच गठ्ठ्यात, कोणी वेगळं न मोजता, युद्धही सरकलं. ज्याला महाग, लवचीक तिकीट परवडतं त्याने भीतीसुद्धा विकत घेतलेली असते. स्वस्त तिकीटवाल्याला घाबरायची सोय नाही.

आणि घाबरण्यासारखं बरंच घडत होतं. १९८५ मध्ये टीडब्ल्यूएचं विमान पळवलं गेलं, डिसेंबरात रोम आणि व्हिएन्नाच्या विमानतळांवर गोळीबार झाला, एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेने लिबियावर बॉम्ब टाकले. त्या वर्षी अमेरिकन पर्यटकांनी युरोपकडे पाठ फिरवली. पडद्यावरचा रॅम्बो, सिल्व्हेस्टर स्टॅलोन, त्यानेही कानच्या महोत्सवाला जायचं टाळलं.

'विमान उडतंय ना, मग भीती कसली' या युक्तिवादाचं सगळ्यात बोचरं उत्तर मात्र १९९० मधलं आहे. १ ऑगस्टच्या संध्याकाळी ब्रिटिश एअरवेजचं १४९ नंबरचं विमान लंडनहून निघालं. कुवेतला थांबून, मग मद्रास, मग क्वालालंपूर. साडेतीनशेहून जास्त प्रवासी. ते पहाटे कुवेतला उतरलं तेव्हा इराकी सैन्य सीमा ओलांडून आत आलेलं होतं. प्रवासी आणि कर्मचारी ओलीस झाले. काहींना सद्दामच्या सैन्याने मोक्याच्या ठिकाणी मानवी ढाल म्हणून ठेवलं. सैन्य घुसल्याची खबर ब्रिटिश राजदूताने विमान उतरण्याआधीच लंडनला कळवली होती, पण ती कंपनीपर्यंत पोचवली गेली नाही, हे ब्रिटिश सरकारने मान्य केलं ते २०२१ मध्ये. तिकिटाच्या नियमांनुसार त्या रात्री काहीच बिघडलं नव्हतं. विमान रद्द नव्हतं. एखादा प्रवासी हीथ्रोवरून घाबरून परत फिरला असता, तर नोंद झाली असती 'गैरहजर' एवढीच.

१९९१ चं आखाती युद्ध संपेपर्यंत लोकांनी उडणं इतकं कमी केलं की जगभरची विमान वाहतूक त्या वर्षी वाढण्याऐवजी घटली. एप्रिलमध्ये ब्रिटिश एअरवेजला एका दिवसाच्या ५०,००० जागा फुकट वाटाव्या लागल्या. भीतीची किंमत प्रवाशाकडे सरकवली तरी ती फिरून कंपनीच्या दारात येते, हे तेव्हा कळायला हवं होतं. पण अमेरिकेतल्या कंपन्यांना ते पक्कं कळायला अजून दहा वर्षं आणि ११ सप्टेंबर लागला.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं. कॅनडातल्या गँडर या छोट्या गावात ३८ विमानं उतरली आणि साडेसहा हजारांहून जास्त माणसं तिथल्या शाळांत, सभागृहांत, घरांत राहिली. ही गोष्ट आता जगाला माहीत आहे, तिच्यावर संगीत नाटकही झालं. मला त्या आठवड्यातली दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती विम्याची.

विमान कंपन्या युद्ध आणि दहशतवाद यांच्यासाठी वेगळा विमा काढतात. त्या करारात एक कलम असतं: विमा कंपनी सात दिवसांची नोटीस देऊन हे संरक्षण काढून घेऊ शकते. हल्ल्यानंतर आठवड्याच्या आत विमा कंपन्यांनी नेमकं तेच केलं. विमानामुळे जमिनीवरच्या लोकांचं जे नुकसान होईल त्याचं संरक्षण ५ कोटी डॉलरवर आणून ठेवलं आणि वर हप्ताही वाढवला. एवढ्या तुटपुंज्या संरक्षणावर कोणी विमान उडवेना, म्हणून देशोदेशीच्या सरकारांना हमी घेऊन पुढे यावं लागलं. खुद्द विमान कंपन्यांसाठी अमेरिकन संसदेने अकरा दिवसांत कायदा केला: ५ अब्ज डॉलर रोख आणि १० अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाची हमी.

म्हणजे बघा, विमा कंपनी घाबरली, तिच्या करारात बाहेर पडायचं दार होतं. विमान कंपनी घाबरली, तिच्यासाठी संसद बसली. साखळीच्या शेवटी उभा असलेला माणूस घाबरला, तर त्याच्या हातात नॉन-रिफंडेबल तिकीट.

हल्ल्यानंतरचे काही आठवडे कंपन्यांनी तारीख बदलायचे पैसे घेतले नाहीत, पण तो उदारपणा फार टिकला नाही. ऑगस्ट २००२ मध्ये यूएस एअरवेज दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि त्याच महिन्यात तिने नवा नियम जाहीर केला: स्वस्त तिकिटावरचं विमान चुकलं आणि आधी बदल करून घेतला नसेल, तर तिकिटाची किंमत शून्य. 'वापरा नाहीतर विसरा' असा मामला. इतर मोठ्या कंपन्या मागोमाग गेल्या. पूर्वी जुनं तिकीट थोडे पैसे भरून पुढच्या प्रवासाला लावता यायचं, ती फटही बुजली.

याच पार्श्वभूमीवर सहा महिन्यांनी ऑरेंज अलर्ट आला आणि लोकांनी बुकिंगच थांबवलं. आता कंपन्यांची पंचाईत झाली. नियम सैल करावा तर पैसे जातात, नाही करावा तर तिकिटंच विकली जात नाहीत. त्यातून जी युक्ती निघाली, ती आज तुमच्या मोबाइलवर 'ट्रॅव्हल ॲडव्हायजरी' म्हणून येते. युद्ध सुरू होण्याआधीच मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी वचन जाहीर केलं: युद्ध सुरू झालं, किंवा इशारा लाल झाला, तर तारीख बदलण्याचा दंड माफ. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळणार नव्हते, फक्त प्रवास पुढे ढकलता येणार होता. पण भीतीला तिकिटात जागा मिळाली, अर्थात चौकट आखून: तिकीट अमुक तारखेपर्यंत काढलेलं हवं, प्रवास तमुक तारखेपर्यंतचा हवा.

यातली लाल रंगाची अट मजेशीर होती. २० मार्चला इराकमध्ये युद्ध सुरू झालं, इशारा ऑरेंजच राहिला. लाल रंग त्या पूर्ण वर्षात उगवला नाही. या रंगपद्धतीच्या सगळ्या आयुष्यात तो एकदाच दिसला, ऑगस्ट २००६ मध्ये, तोही फक्त ब्रिटनहून अमेरिकेला येणाऱ्या विमानांपुरता. २०११ मध्ये ती पद्धतच मोडीत निघाली. एप्रिल २००३ मध्ये विमान कंपन्यांना मात्र संसदेकडून पुन्हा दोन अब्ज डॉलरहून जास्त मदत मिळाली, आणि तिला कुठल्या रंगाची अट नव्हती.

युरोपने २००४ मध्ये प्रवाशांच्या हक्कांचा कायदा केला. विमान रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसरं विमान, शिवाय अडकलात तर जेवण आणि राहायची सोय. युद्ध, राजकीय अस्थिरता, सुरक्षेचा धोका अशा कारणांसाठी वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही, पण तिकिटाचे पैसे कंपनीला बुडवता येत नाहीत. आपल्याकडचे डीजीसीएचे नियमही साधारण याच वाटेने जातात. चांगलेच आहेत. पण हे सगळं विमान रद्द झाल्यावरचं. प्रवास विम्याचीही तीच गत: बहुतेक पॉलिसींत युद्ध अपवादांच्या यादीत असतं, आणि नुसती भीती कारणांच्या यादीत नसते.

पण भीती नेहमी वेडी नसते. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनचं आकाश ३२,००० फुटांपर्यंत बंद होतं. मलेशियाचं एमएच-१७ त्यावरून, ३३,००० फुटांवरून, नियमाप्रमाणे चाललं होतं. २९८ माणसं गेली. जानेवारी २०२० मध्ये इराणने अमेरिकन तळांवर क्षेपणास्त्रं डागल्यानंतर काही तासांत तेहरानहून युक्रेनचं प्रवासी विमान उडालं, कारण विमानतळ सुरू होता. इराणच्याच क्षेपणास्त्रांनी ते पडलं, १७६ माणसं गेली. एमएच-१७ नंतर मलेशिया एअरलाइन्सने काही दिवस सगळ्यांना, अगदी नॉन-रिफंडेबल तिकीटवाल्यांनाही, पैसे परत घ्यायची मुभा दिली. आधी देणं कुणाच्याच नियमात नव्हतं.

२०२० मध्ये मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी देशांतर्गत प्रवासातल्या बहुतेक तिकिटांवरचा तारीख बदलण्याचा दंड कायमचा काढून टाकला. दोन युद्धांना जे जमलं नाही ते विषाणूने केलं. सगळ्यात स्वस्त तिकिटं बहुतेक ठिकाणी यातून वगळलेली होती, हे सांगायला नको.

आता आपल्याकडे या. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यात सहा जण महाराष्ट्राचे होते, डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे. दुसऱ्या दिवशी डीजीसीएने कंपन्यांना श्रीनगरहून जादा विमानं सोडायला आणि दंड माफ करायला सांगितलं. इंडिगोची घोषणा २००३ च्याच व्याकरणात होती: २२ एप्रिल किंवा त्याआधी काढलेलं तिकीट, ३० एप्रिलपर्यंतचा प्रवास. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्यांचा हंगाम मे महिन्याचा. ज्यांची तिकिटं १० मेची होती ते या चौकटीच्या बाहेर. २९ एप्रिलला जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली, पण विमानतळ सुरू होता, आणि तिकिटाच्या लेखी तेवढंच खरं.

७ मेला 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं आणि श्रीनगरसह उत्तर-पश्चिमेचे विमानतळ बंद झाले. पुढे बंद विमानतळांचा आकडा ३२ वर गेला, ते १२ मेला उघडले. आता पैसे परत मिळणं सरळ होतं. म्हणजे १० मेचं तिकीट असलेल्या ज्या कुटुंबाने एप्रिलच्या शेवटी घाबरून नेहमीच्या नियमाने तिकीट रद्द केलं, त्याचे पैसे कापले गेले. निर्णय घेता न आल्याने जे नुसतं बसून राहिलं, त्याला ते परत मिळाले.

त्याच आठवड्यात एअर इंडियाने आणखी एक सवलत जाहीर केली, सैन्याच्या सवलतीच्या भाड्यावर तिकीट काढलेल्या जवानांसाठी. रजा रद्द होऊन त्यांना परत बोलावलं जात होतं, त्याच सीमेकडे जिथली तिकिटं बाकी सगळे रद्द करत होते. ३० जूनपर्यंतच्या प्रवासाचे पूर्ण पैसे परत, किंवा एकदा तारीख बदलायची मुभा.