बिल्ले, तिकिटं आणि धुळाक्षरं

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना पॉइंट्स आणि बॅजेस द्यावेत का, यावर पालकांची बरीच चर्चा झाली. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हा विषय जवळचा. 'गेमिफिकेशन' हा शब्द निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रामरने २००२ साली घडवला. कल्पना मात्र दोनशे वर्षांपूर्वीची, आणि तिचा एक धागा थेट भारतात पोचतो!

१७८९ साली अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवू लागला. तिथल्या एका गावठी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली. म्हणजे आपली धुळाक्षरंच की! त्याने ती पद्धत उचलली, आणि मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं असा प्रघात पाडला. १७९७ साली त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं.

त्याच सुमारास, १७९८ मध्ये, जोसेफ लँकेस्टर या तरुणाने लंडनच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी शाळा काढली. शिक्षक एक आणि मुलं शेकडो! हा क्वेकर पंथाचा, त्यामुळे छडी नको. मग त्याने अभ्यासाचा चक्क खेळ केला. वर्गात पहिल्या येणाऱ्याच्या गळ्यात बिल्ला. तो चुकला आणि दुसऱ्याने बरोबर सांगितलं, की जागा आणि बिल्ला दोन्ही दुसऱ्याकडे. तिकिटं साठवली की खेळणी मिळायची. आजच्या भाषेत लीडरबोर्ड, बॅज आणि रिवॉर्ड पॉइंट्स!

पण छडी गेली तरी शिक्षा गेली नाही. गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणं, टोपलीत बसवून छताला टांगणं असले प्रकार होतेच. म्हणजे खेळात जिंकणाऱ्याचा मान वाढला, तशी हरणाऱ्याची फजितीही. बक्षिसांवरही टीका झाली. सारा ट्रिमर या लेखिकेने १८०५ सालीच आक्षेप घेतला, की अशाने गरिबांची मुलं स्वतःला उमराव समजू लागतील. तिची काळजी वर्गभेदाची होती, ती आपल्याला पटणार नाही.

खरी मेख कळली १९७३ साली. लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रकलेची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना 'चित्र काढा, सर्टिफिकेट मिळेल' असं आधी सांगितलं. पुढे बक्षीस नसताना याच मुलांचं चित्र काढणं कमी झालं. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांची आवड मात्र टिकली.

आपल्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथे मराठीवर ना परीक्षा, ना नोकरी. मुलांची आवड हेच एकमेव भांडवल, ते स्टिकरपायी गमावून कसं चालेल? म्हणून माझं मत असं: बाराखडी घोटण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला स्टिकर खुशाल द्या, गोष्टी, गाणी, नाटक यांना नको. आणि मद्रासची मूळ युक्ती जरूर वापरा. दहा वर्षांच्या ताईने पाच वर्षांच्या छोट्याला 'ळ' शिकवला, की दोघांचंही मराठी पक्कं होतं, आणि त्याला एकही पॉइंट लागत नाही.