घाटमाथ्यावरचे धुके : तळटीप ४

४. पारानापियाकाबा : ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातले घाटमाथ्यावरचे खेडे, उंची सुमारे ८०० मीटर. तुपी भाषेत नावाचा अर्थ ‘जिथून समुद्र दिसतो ती जागा’. लेखिकेला मात्र हातभर अंतरावरचे दिवेही दिसेनात, ते यामुळे : समुद्रावरची दमट हवा सेर्रा दो मारच्या कड्याला भिडून वर चढते, गार होते आणि बघता बघता गाव धुक्यात बुडते. सांतुस बंदर ते जुंदियाई हा कॉफी वाहणारा लोहमार्ग इंग्रज कंपनीने १८६७ मध्ये सुरू केला. गाव तिच्याच कामगारांचे. घाटात डबे पोलादी दोराने ओढले जात. मजकुरातले ‘अधांतरी घड्याळ’ म्हणजे स्थानकाच्या मनोऱ्यावरचे. धुक्यात मनोरा बुडतो, तबकडी तेवढी उरते. – संपा.