विद्यापीठ-उद्योग सहकार्य

विद्यापीठ-उद्योग सहकार्य : विद्यापीठातील ज्ञान, माणसे व प्रयोगशाळा आणि उद्योगाकडचे भांडवल, यंत्रसामग्री व बाजाराची जाण एकत्र आणून नवे पदार्थ, नव्या प्रक्रिया किंवा नव्या कंपन्या घडवण्याची व्यवस्था. प्रायोजित संशोधन, प्राध्यापकांची कन्सल्टन्सी, पेटंटचे परवाने, उद्योगांच्या देणगीतून चालणारी अध्यासने, विद्यार्थ्यांची कारखान्यातील उमेदवारी अशी तिची अनेक रूपे आहेत. या विषयाची चर्चा बहुधा पेटंटांची संख्या आणि सामंजस्य करारांवरील सह्या यांभोवतीच फिरत राहते. प्रत्यक्षात उद्योगाला विद्यापीठाकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तयार झालेला माणूस आणि सर्वांना खुले असलेले मूलभूत ज्ञान. ते देता यावे म्हणून विद्यापीठाने कारखान्याशी जवळीक ठेवायची असते, पण कारखान्याचा एक विभाग मात्र व्हायचे नसते. हे दोन्ही साधणे किती कठीण आणि किती फलदायी असते, हे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजेच मुंबई विद्यापीठाच्या जुन्या ‘यूडीसीटी’ या विभागाच्या वाटचालीत स्पष्ट दिसते.

मुंबई विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 1933 रोजी हा विभाग सुरू केला तेव्हा वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी असे दोनच अभ्यासक्रम होते. गिरण्यांच्या शहरात कापड रंगवण्याचे आणि त्यावर प्रक्रिया करण्याचे शास्त्र शिकवले जाणे स्वाभाविकच होते. 1938 मध्ये विभागाची सूत्रे हाती घेणारे पहिले भारतीय प्रमुख के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्राचे जगन्मान्य अभ्यासक होते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले. 1943 मध्ये विभाग माटुंग्याला आला. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, वापी, अंकलेश्वर येथे रासायनिक कारखाने वाढत गेले तसे त्यांना लागणारे तंत्रज्ञ येथून बाहेर पडू लागले. केकी घरडा यांनी येथे शिकून कीटकनाशके व तणनाशकांचा उद्योग उभारला. अंजी रेड्डी यांनी येथे औषधनिर्माणाचे शिक्षण घेतले, पुण्यात पीएच.डी. केली आणि 1984 मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन केली. यांपैकी कुठलीही कंपनी विद्यापीठाच्या पेटंटावर उभी राहिलेली नाही. विद्यापीठाने माणसे घडवली आणि कंपन्या त्या माणसांनी उभ्या केल्या.

कारखान्याच्या अडचणीचे शास्त्र कसे होते, हे एका उदाहरणावरून नीट समजते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले की वायू द्रवात शिरताच, बुडबुड्याच्या कडेलाच, त्याची सोड्याशी प्रक्रिया होते. योग्य परिस्थितीत तिचा वेग मुख्यतः वायू आणि द्रव यांना विभागणाऱ्या एकूण पृष्ठभागावर अवलंबून असतो. म्हणजे किती वायू संपला एवढे मोजले की बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग हिशेबाने काढता येतो. एकेक बुडबुडा मोजत बसावे लागत नाही. प्रयोगशाळेच्या लहान भांड्यात उत्तम चालणारी प्रक्रिया कारखान्याच्या मोठ्या टाकीत का फसते, या जुन्या दुखण्याचे एक मर्म येथे सापडते. मोठ्या टाकीत बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो आणि उत्पादन मंदावते. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून 1964 मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, यूडीसीटीत प्राध्यापक झालेले मनमोहन शर्मा यांनी या क्षेत्रात पायाभूत काम केले. उद्योगांना सल्ला देत असतानाच ते संशोधनही प्रसिद्ध करत राहिले. एल. के. दोराईस्वामी यांच्यासह लिहिलेला त्यांचा विषमघटकी प्रक्रियांवरील दोन खंडांचा ग्रंथ 1984 मध्ये निघाला आणि 1990 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. एका कारखान्याच्या टाकीतून आलेला प्रश्न असा सगळ्या कारखान्यांना उपयोगी पडणाऱ्या सूत्रात उतरतो. एकाच कंपनीच्या तिजोरीत तो अडकून पडला असता, तर हे झाले नसते.

परदेशातील पाहणीही याच दिशेने बोट दाखवते. वेस्ली कोहेन, रिचर्ड नेल्सन आणि जॉन वॉल्श यांनी अमेरिकी उद्योगांच्या संशोधन विभागांकडून माहिती गोळा करून 2002 मध्ये निष्कर्ष मांडले. शोधनिबंध, परिषदा, अनौपचारिक बोलणे आणि सल्लासेवा हे मार्ग बहुतेक उद्योगांना पेटंट आणि परवान्यांपेक्षा महत्त्वाचे वाटत होते. औषधनिर्माण हा मुख्य अपवाद. पेटंटाच्या बाजूने स्टॅनफर्डचे उदाहरण हमखास दिले जाते. कोहेन (हे वेगळे कोहेन) आणि बॉयर यांच्या जनुक-जोडणीच्या तंत्राचे परवाने शेकडो कंपन्यांनी घेतले आणि 1997 पर्यंत त्यातून सुमारे 25 कोटी डॉलर मिळाले. पण ते परवाने माफक दरात मागेल त्या कंपनीला दिले जात होते, एकीचीच मक्तेदारी नव्हती. तेव्हा हे उदाहरणही खुलेपणाचेच ठरते.

उद्योगाचा पैसा आला की प्रश्न कोणते विचारायचे आणि उत्तरे कोणती दडवायची हे उद्योगच ठरवतो, हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि तो निराधार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग यांनी औषध कंपनीच्या पैशावर थायरॉइडवरील महागड्या आणि स्वस्त औषधांची तुलना केली. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली, पण करारात प्रसिद्धीसाठी कंपनीची लेखी संमती आवश्यक असल्याने 1995 मध्ये निबंध छपाईआधीच थांबला आणि 1997 मध्ये प्रकाशित झाला. म्हणून प्रसिद्धीचा हक्क विद्यापीठाने कुठल्याही रकमेसाठी सोडू नये. पेटंट नोंदवण्यापुरती थोडक्या मुदतीची वाट पाहणे एवढीच सवलत रास्त आहे. दुसरीकडे 1998 मध्ये बर्कलीच्या वनस्पती व सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने नोव्हार्टिसशी पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा केवढे वादळ उठले! पण मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर केलेल्या पाहणीत ना मोठे नुकसान आढळले ना मोठा लाभ. अटी नीट घातल्या तर विद्यापीठ विकले जात नाही, आणि नुसत्या मोठ्या रकमेने नवनिर्मितीही होत नाही.

आसपास रसायन उद्योग होता म्हणून यूडीसीटी फुलली, इतरत्र ते जमणार नाही, असेही म्हटले जाते. पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या परिसरात कुठला ना कुठला धंदा असतोच : कुठे साखर, कुठे यंत्रमाग, कुठे फाउंड्री. संस्थेनेही आपला परीघ वाढवत नेला. काडीकचरा, उसाचे चिपाड यांसारख्या शेतीतल्या टाकाऊ मालापासून इथेनॉल बनवण्याचे तंत्र तिच्या जैवऊर्जा केंद्राने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर विकसित केले. 2016 मध्ये उत्तराखंडातील काशीपूरला इंडिया ग्लायकोल्सच्या आवारात रोज 10 टन काडीकचरा हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प त्यावर उभा राहिला. सरकारी पैसा, विद्यापीठाचे शास्त्र आणि कंपनीची जागा अशी ही तिपेडी वीण आहे. अशा प्रकल्पांसाठी धीर धरणारा पैसा लागतो, आणि आपल्याकडे नेमका त्याचाच तुटवडा आहे : 2020-21 मध्ये भारताचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश. जून 2025 मध्ये संस्थेचे माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी शर्मा सरांना गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला 151 कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. त्या देणगीला कुठलीही अट नव्हती.