देवी, नारू आणि आमची पायविहीर

ज्ञातिमंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडून एखादा इतिहासविषयक लेख यावा, अशी इच्छा चिटणीसांनी प्रदर्शित केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम आणि पुढे सेवानिवृत्तीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांतून केलेली चाकरी, एवढीच आमची पुंजी. परंतु गेल्या दिवाळीत जुनी ट्रंक उपसताना एक पिवळा पडलेला कागद हाती लागला आणि आमचे मन बदलले. तो कागद कोणता, हे योग्य स्थळी सांगूच. आमच्या भागातील आरोग्याचा इतिहास सांगितल्यावाचून त्याचा उलगडा होणार नाही, म्हणून आरंभ थोडा मागून करतो.

हिंदुस्थानात देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली आणि तिच्यापासून पुढे पुण्यास व अन्यत्र गेली. त्या काळी बर्फ नाही, बाटलीबंद औषध नाही. एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचावयाची, अशी ती साखळी होती. आता एका मुलाच्या अंगातील द्रव दुसऱ्याच्या अंगात जावयाचा म्हटल्यावर, ते पहिले मूल कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजात निघावयाचाच. पुढे वासरापासून लस तयार होऊ लागली, तेव्हा तो आक्षेप मिटून वासराचा आक्षेप उभा राहिला. १८७७ साली मुंबई शहरापुरती लस सक्तीची करणारा कायदा झाला. खेडोपाडी मात्र देवी काढणाऱ्याला दारे बंदच मिळत.

हे आम्ही पुस्तकातून वाचून सांगत नाही. आमच्या थोरल्या आत्याबाईंचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, अशी वडीलधारी माणसे मंडळात अजून आहेत. त्या चार वर्षांच्या असताना देवी काढणारा गावात आला. आजोबांनी त्यांना माळ्यावर धान्याच्या कणगीआड लपविले आणि घरात मूल नाही म्हणून सांगितले. कारणे दोन. एक वासराचे, जे तोंडाने सांगितले जाई. दुसरे असे की, तो टोचणारा मनुष्य ज्या जातीचा होता, त्या जातीचा हात आमच्या मुलीच्या दंडाला लागावयाचा होता. हे तोंडाने कोणी सांगत नसे, परंतु तो ओट्यावर टेकून गेला की मागे ओटा सारविला जाई. दुसऱ्याच वर्षी देवी आल्या. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. आत्याबाई वाचल्या, एक डोळा गेला, आणि चेहरा असा झाला की त्यांचे लग्न जमले नाही. आम्हांस त्यांनीच वाढविले. आमच्या लहानपणी देवी काढणारा आला, की सर्वांत आधी आमचा दंड धरून पुढे होत त्या आत्याबाईच!

सरकारवर लोकांचा विश्वास नव्हता, त्याला केवळ अज्ञानच कारण होते असे नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि पुण्यात रँडसाहेबांच्या अंमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच काळात डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली; आणि त्याच प्लेगात, आजाऱ्यांची सेवा करता करता, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले निवर्तल्या. परंतु खेड्यातील मनुष्याच्या स्मरणात राहिली ती झडती. आमच्या लहानपणीही सरकारी डॉक्टर गावात येणार असे कळले, की म्हातारी माणसे माळावरच्या झोपड्यांच्या गोष्टी काढीत.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला होता. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्यकेंद्रे असावीत, ही कल्पना त्यातली. १९५२ साली समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर विकासगटागणिक एकेक केंद्र उभे राहू लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले व बरोबर दोन वर्षांनी जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन शाळांप्रमाणे ही केंद्रेही त्यांच्याकडे गेली. हिवतापासाठी भिंतींवर डीडीटी मारणारे कामगार येत. घराच्या दारावर तारीख लिहून जात. देशातील हिवताप १९६५ च्या सुमारास वर्षाला लाखभर रोग्यांवर आला होता. तो १९७६ साली चौसष्ट लाखांवर पुन्हा चढला. देवीचे मात्र तसे झाले नाही. १९६२ साली राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा रोगी आसामात सापडला, आणि पाच वर्षांनी सर्व जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. आत्याबाईंना ती बातमी आम्हीच वाचून दाखविली होती. त्यांनी पुन्हा एकदा वाचावयास सांगितली.

आता नारूकडे वळतो.

आमचे मूळ गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, पूर्वीच्या मुंबई इलाख्याच्या कडेला. ओढा ओलांडला की निजामाची हद्द. नदी नाही. गावाची सारी भिस्त एका पायविहिरीवर. ही विहीर आपल्याच ज्ञातीतील पूर्वजांनी बांधविली. घडीव दगडांच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या, मध्यावर कोनाडा आणि त्याखाली बांधणाऱ्यांची नावे कोरलेला शिलालेख. आपल्या घरांतील नवरदेव-नवरीने लग्नानंतर प्रथम तेथे उतरून जलपूजन करावयाचे, अशी रीत होती. दलितवस्तीतील माणसांस मात्र पायरीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. वर उभे राहावयाचे, आणि कोणाला दया आली तर घागरीत पाणी मिळावयाचे. एरव्ही ओढ्यातील झऱ्यावर भागवावयाचे. हे लिहिताना लेखणी अडखळते, परंतु इतिहास लिहावयास बसल्यावर ते गाळता येत नाही.

आजच्या मुलांना नारू ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. हा सुताएवढा जाड व कधी दोन हात लांब असा जंत. तो बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडतो. आधी फोड, मग आग, मग पांढरे टोक दिसते. ते काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढावयाचे. ओढताना तुटला तर पाय सुजून मनुष्य महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. औषध नाही, लस नाही. आमच्याकडे नारू निघावयाचा तो फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे नेमका खळ्याच्या व पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत. घरातला कर्ता मनुष्य पाय वर करून ओसरीवर पडलेला आणि औत दारात उभे, हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. नारू आग करतो म्हणून रोगी थंड पाण्यात पाय सोडतो. त्या क्षणी जंताची लक्षावधी पिल्ले पाण्यात पडतात. पाण्यातील डोळ्यांस जेमतेम दिसणारा सायक्लॉप्स नावाचा किडा ती गिळतो. ते पाणी जो पितो, त्याच्या अंगात सुमारे वर्षाने नवा नारू तयार होतो. म्हणजे पायऱ्यांची विहीर ही नारूची पेढीच म्हणावयाची!

१९८३-८४ मध्ये नारूनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली आणि राज्य सरकारच्या आरोग्यखात्याने गावोगाव शोध सुरू केला. १९८५ च्या हिवाळ्यात तालुक्याचे एक अभियंता व आरोग्यसेवक आमच्या गावी आले. त्यांचे म्हणणे असे की, पायऱ्या बांधकामाने बंद कराव्यात, वर कठडा घालावा आणि रहाटाने पाणी शेंदावे. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा संताप अनावर झाला. पूर्वजांचे पुण्य बुजविणार काय, जलपूजन कोठे करावयाचे, शिलालेखाचे काय? अर्ज करावयाचा ठरला. गावात मॅट्रिक झालेले व हस्ताक्षर वळणदार असलेले आम्ही. अर्ज आम्ही लिहिला, आणि मन लावून लिहिला. या विहिरीचे जल अमृतासमान असून नारूचा दोष तिजकडे लावणे हा आमच्या पूर्वजांचा अवमान आहे, असे त्यातले एक वाक्य. आपल्या ज्ञातीतील झाडून सर्व घरांच्या त्यावर सह्या झाल्या. तोच हा ट्रंकेत सापडलेला कागद.

योगायोग असा की, त्याच सुमारास शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघर नारूची पाहणी करावी, असा वरून आदेश आला. आमच्या वर्गातील मुले नारूचे चित्र घेऊन गावभर फिरली आणि गेल्या उन्हाळ्यात कोणाकोणाला नारू निघाला, त्याची नावे पाटीवर लिहून घेऊन आली. रात्री कंदिलाशी बसून आम्ही ती रजिस्टरात उतरू लागलो. काही वेळाने ध्यानात आले की, ही नावे आपण नुकतीच कोठेतरी लिहिली आहेत. अर्जाची स्थळप्रत काढून शेजारी ठेवली. सह्या करणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांत नारू होता. दलितवस्तीतून गेलेल्या मुलाची पाटी मात्र कोरी होती. आम्हांस वाटले, पोराने आळस केला असावा. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः गेलो. पोराने आळस केला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात सरकारने विंधनविहीर घेतली होती, ती त्या वस्तीत. तिच्यावर हातपंप बसला होता. ज्या सोलापुरी पंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप देशभर गेला, त्याच घराण्यातला. जमिनीच्या पोटातील त्या पाण्यात सायक्लॉप्स नव्हता. पंप त्यांच्या वस्तीतला म्हणून आपली माणसे त्याचे पाणी पीत नव्हती.

आम्ही दोन दिवस कोणाशी बोललो नाही. मग रजिस्टर घेऊन वडिलांपुढे बसलो. ते स्वतः तीन वेळा नारूने पडले होते. त्यांनी नावे ऐकली आणि इतकेच विचारले, "अर्ज गेला का?" गेला नव्हता, सरपंचांकडे होता. वडील स्वतः काठी टेकीत जाऊन तो परत घेऊन आले.

सर्वांस पटले असे नव्हे. अखेर तडजोड निघाली. अभियंत्याने शिलालेखाचा दगड अलगद काढून नव्या कठड्यात बसवून दिला. १९८६ च्या उन्हाळ्यापूर्वी पायऱ्या बंद झाल्या. विहिरीत आरोग्यसेवक ठरावीक मुदतीने औषध टाकीत, आणि दुहेरी फडक्याने पाणी गाळण्याचा धडा आम्ही शाळेत रोज घेऊ लागलो. तरीही त्या उन्हाळ्यात नारू निघालाच! मंडळींनी आम्हांस चांगलेच फैलावर घेतले. हा नारू गेल्या वर्षीच्या पाण्यातला आहे, हे सांगून आमचा घसा बसला. पुढचा उन्हाळा आला, आणि ओसरीवर कोणी पाय वर करून पडले नाही. देशातील अखेरचा नारूरोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

याचा अर्थ सरकारने केले ते सारे चांगले झाले, असा कोणी काढू नये. नारूच्याच काळात आमच्या एका चुलतबहिणीला अडल्या अवस्थेत बैलगाडीतून आरोग्यकेंद्रात नेले, तर दाराला कुलूप. डॉक्टर तालुक्याच्या गावी राहत. तेथून पुढे नेताना वाटेतच ती गेली, मूलही गेले. इमारत होती, रंग दिलेला होता, फलक होता. गावाच्या वेशीतून गाडी परत आली, ती वेळ आजही आठवते.

पुढील काळाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो वाचकांच्या डोळ्यांपुढचा आहे. मेळघाटात १९९० नंतर झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन निघाले. दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ साली ३९ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आले. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५ टक्के खुरटलेलीच आढळली. आशा कार्यकर्त्या २००५ नंतर आल्या. २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. चुलतबहिणीच्या नातीला त्याच गाडीने नेले. दोघेही सुखरूप आहेत. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आरंभी कुटुंबास वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती २०२४ साली पाच लाखांवर गेली. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे दवाखान्याचे कर्ज फेडण्यासाठी अद्याप शेत विकतात, आणि शिधापत्रिका पेटीत पडलेली असते. मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी आम्ही बसतो. ज्यांना या योजनेचे कागद करावयाचे असतील, त्यांनी शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन यावे. अर्ज लिहिण्याची सवय आम्हांस आहेच.

विहिरीचा कठडा अजून उभा आहे. गावात नळ आले. पाणी कोणी शेंदीत नाही. नवी जोडपी जलपूजन कठड्याशीच करतात, शिलालेखाला कुंकू लावतात. आत्याबाई आता नाहीत. अर्जाचा तो कागद आणि नारूचे रजिस्टर, दोन्ही आम्ही मंडळाच्या दप्तरात ठेवण्यासाठी चिटणीसांच्या स्वाधीन केले आहे. सह्यांमध्ये आपापल्या आजोबांची नावे कोणास पाहावयाची असल्यास तेथे पाहता येतील. रजिस्टरातही तीच सापडतील.