वजा झालेली पांढर

पुणतांबा माझं आजोळ. चांगदेवांच्या समाधीकडून गोदावरीच्या घाटावर जाताना आबा सांगतात, "गाव पांढरीवर, शेती काळीत." पांढर म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोसळलेली मातीची घरं, चुलीची राख, शेण, खापरं यांचा थर. जुनी वस्ती शोधणारे नदीकाठी आधी अशीच टेकाडं बघतात.

शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९५८ साली बोपर्डीकरांना ते सापडलं. पुढे उत्खननात सुमारे ५ मीटर जाडीच्या थरांत सावळदा ते जोर्वे अशा पाच संस्कृती एकावर एक मिळाल्या. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही धातूची, एकूण ६० किलोंहून जड शिल्पं मात्र १९७४ मध्ये एका गावकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना मिळाली!

ड्रोन म्हटलं की रत्नागिरीची कातळशिल्पं आठवतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा. जवळ उभं राहिलं तर नुसत्या खाचा, वरून पाहिला की हत्ती. पांढरीचा फोटो त्यापुढे कंटाळवाणा. बाभळी, उकिरडा, एखादं देऊळ.

पण ड्रोन उंचीही मोजून देतो. एकमेकांवर ७०-८० टक्के येणारे शेकडो फोटो घेतले की सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची उंची काढतं. जमिनीवरचे मोजलेले बिंदू सोबत दिले तर चूक काही सेंटीमीटरवर येते. झुडपांखालची जमीन मात्र दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यात उडवायचा. दोन उन्हाळ्यांचे नकाशे एकमेकांतून वजा केले की कुठून किती घनमीटर माती गेली, ते कळतं.

आणि माती जातेच. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून ती शेतात टाकायची जुनी रीत आहे. आबांनीही टाकली, कांद्याला. तेव्हा ती फक्त माती होती.

गावठाणांवरून तर सरकारी ड्रोन उडलेच आहेत. महाराष्ट्रात ही मोजणी पुरंदरमधल्या सोनोरीपासून सुरू झाली, २०२१ मध्ये 'स्वामित्व' योजना देशभर आली. काम घरांच्या हद्दींचं, मिळकत पत्रिकेचं. पण त्याच फोटोंत पांढरीचा चढ-उतारही आलाय.

मे महिन्यात आबांना लॅपटॉपवर असे दोन नमुना नकाशे दाखवले. खोदलेली जागा लाल.

"आपण नेलेल्या ट्रॉल्या दिसतील का रे यात?"

"नाही आबा. त्याच्या आधीचा नकाशाच नाही."