बोहाड्याचे मुखवटे

मूर्तिकला म्हटली की आपणांस पाषाण व धातू आठवतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखातील आदिवासी कारागिरांनी मात्र लाकूड आणि कागद यांतूनच देवदैत्य घडविले. जव्हारचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. राजसत्ता गेली, बोहाडा राहिला. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री संबळाच्या ठेक्यावर मुखवटे धारण केलेली सोंगे नाचत निघतात. प्रारंभी गणपती व शारदा, शेवटी जगदंबा. कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यावयाचे, हेही बहुधा परंपरेनेच ठरलेले असते.

पूर्वी मुखवटे लाकडाचे कोरीत. ते टिकाऊ खरे. परंतु तोंडावर बांधून नाचणाऱ्याच्या मानेस तो भार किती होत असेल! पुढे कागद आला. मातीचा साचा करावयाचा, त्यावर खळीने कागदाचे थर चढवावयाचे, आणि वाळल्यावर ते कवच सोडवून रंगवावयाचे. लाकडावर चुकलेला घाव भरून येत नाही. कागदाचे नाक बसके झाले तर आणखी एक थर देता येतो. साचा शाबूत राहिल्यास त्याच रूपाचे दुसरे मुखही निघते.

कळसूत्री बाहुलीचे सांधे निर्जीव असतात. बोहाड्यातील मूर्तीचे सांधे जिवंत माणसाचे. म्हणूनच शहरातील दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेला मुखवटा मला अर्धवट वाटतो. कारागिरास त्याचे चार पैसे मिळतात, हे इष्टच होय. परंतु त्याचे गिऱ्हाईक भिंतीपुरतेच उरले, तर डोळ्यांची भोके नेमकी कोठे पाडावी हे पुढच्या पिढीस कोण सांगणार?