एका दांडीचा नंबर

व्हीलचेअर चढावर मागे उलटू नये म्हणून तिला मागच्या बाजूने दोन छोट्या दांड्या लावतात, टोकाला बारकी चाकं. खुर्ची मागे कलली की ही चाकं जमिनीला टेकतात आणि माणूस डोक्यावर आपटायचा वाचतो. अमेरिकेतल्या मेडिकल बिलात या वस्तूचं नाव आहे ई०९७१. कमरेचा पट्टा ई०९७८, खांद्याचे किंवा छातीचे पट्टे ई०९६०, खुर्ची मागे घरंगळू न देणारी खीळ ई०९७४. हिंजवडीत बसून तिकडचे क्लेम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करता करता हे आकडे मला पाठ झालेत. म्हटलं, एवढ्याशा दांडीला स्वतंत्र नंबर द्यायची वेळ का आली ते बघू.

सुरुवात १९६५ची. त्या वर्षी अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, कायद्याने आला. पैसे सरकारचे, पण बिलं पाठवणारे हजारो डॉक्टर आणि दुकानदार. प्रत्येकाची भाषा वेगळी, तर हिशेब जुळणार कसा? म्हणून १९७८ला एचसीपीसीएस ही सामायिक कोडपद्धत आली (बोलताना सगळे 'हिकपिक्स' म्हणतात). आधी ती ऐच्छिक होती, १९९६च्या हिपा कायद्यामुळे पुढे सक्तीची झाली. ई०९७८चं अधिकृत वर्णन गंमतशीर आहे: 'पोझिशनिंग बेल्ट/सेफ्टी बेल्ट/पेल्विक स्ट्रॅप'. वस्तू एक, नावं तीन, मध्ये तिरप्या रेघा!

आता कोड आहे म्हणजे पैसे मिळतात असं मुळीच नाही. कोड आहे म्हणजे फक्त प्रश्न विचारता येतो, की या पेशंटला हा पट्टा का लागतो? डॉक्टरांच्या कागदांत उत्तर नसेल तर क्लेम परत. शिवाय मूळ कायद्यातच अशी उपकरणं 'घरी वापरण्यासाठी' धरलेली. त्यामुळे घरातल्या घरात ज्याचं कसंबसं भागतं, पण रस्त्यावर खुर्चीशिवाय जमत नाही, त्याला मेडिकेअर खुर्ची मंजूर करत नाही. चढ सगळे घराबाहेर, आणि कायदा उंबऱ्याच्या आत!

हे वाचून हसण्याआधी जरा आपल्याकडे बघूया. कोड लावण्यात आपण मागे नाही, फक्त आपण ते शरीराला लावले. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तक्ता होता: अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, अख्खी तर्जनी १४, मधलं बोट १२. बोटाचं पेर नि पेर मोजलेलं. १९४८च्या ईएसआय कायद्यातही तसाच तक्ता आला. भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, बोटांचे टक्के त्याला माहीत असतात. आता हे कायदे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, तक्त्याची तऱ्हा मात्र तीच.

खुर्चीचं काय? ईएसआय कृत्रिम अवयव देतं, व्हीलचेअरही देतं. पण खुर्चीचे भाग सुटे मोजायचे झाले तर हाताशी येते ती करआकारणीची यादी. २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून खुर्ची ८७१३मध्ये आणि तिचे सगळे सुटे भाग व अ‍ॅक्सेसरीज ८७१४-२० या एकाच खणात. तोही कर घेण्यासाठी, देण्यासाठी नव्हे. खाजगी आरोग्य विम्यात तर नियामकाच्याच यादीत 'वॉकिंग एड्स चार्जेस' हे कंपनीला नाकारता येणाऱ्या खर्चांमध्ये बसलेत.

खडकीला १९७४पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे, आपल्या दापोडीच्या पुलापलीकडेच. ज्याचा छातीखाली शरीरावर ताबा नाही, त्याच्यासाठी पट्टा म्हणजे चैन नाही. पट्टा नसेल तर तो खुर्चीतून पुढे घसरतो, इतकं ते सरळ आहे. पण 'व्हीलचेअर, नग १' अशी एकच ओळ असेल तर पट्टा आला की नाही, दांड्या लावल्या की नाही, हे बिलावरून कळायला मार्गच नाही.

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचला असं मी म्हणणार नाही. त्यातली कटकट मी रोज बघतो. पण नकार मिळालेल्या ई०९७१वर निदान अपील तरी करता येतं. आपल्याकडे ज्या वस्तूला यादीत नावच नाही, तिच्यासाठी भांडायचं कुणाशी?